आरव्हीच्या टाकीत पिण्यायोग्य पाणी कसे भरावे : अमेरिकेत पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे आत स्वयंपाकघर, न्हाणी आणि झोपायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन पहिल्यांदाच निघालेली मराठी कुटुंबे मला गाडी वळवण्याबद्दल, घाटातल्या उताराबद्दल, गॅसच्या शेगडीबद्दल बरेच प्रश्न विचारतात; पाण्याबद्दल मात्र जवळजवळ कोणीच विचारत नाही. ‘इथे नळाचे पाणी कुठेही पिता येते’ हे वाक्य आपण या देशात पाऊल ठेवल्यापासून ऐकत असतो आणि शहरातल्या घराच्या नळापुरते ते बहुतेक वेळा खरेही असते. आरव्ही घेऊन आपण ज्या मुलखात जातो तिथे मात्र नगरपालिकेचा नळ, कॅम्पग्राउंडच्या (गाडी किंवा तंबू लावून मुक्काम करायच्या जागेच्या) विहिरीचा नळ, बागेला पाणी घालायचा नळ, गुरांच्या हौदाचा नळ आणि मैला टाकण्याची जागा धुवायचा नळ असे सगळेच भेटतात, आणि तोटीकडे पाहून त्यांच्यातला फरक कळत नाही.

आमच्या पहिल्या सहलीत आई-बाबा साताऱ्याहून आले होते. यूटा राज्याच्या दक्षिण भागातल्या एका कॅम्पग्राउंडवर मी नळाला पांढरा होज (लवचीक नळी) जोडून टाकी जवळजवळ निम्मी भरली होती, तेव्हा खांबाला वळसा घालून पलीकडे गेलेल्या बाबांनी हाक मारली, “अगं, इकडे मागच्या बाजूला काहीतरी लिहिलंय बघ.” उन्हाने विटलेली एक पाटी एकाच स्क्रूवर उलटी लटकत होती आणि तिच्यावर ते पाणी पिण्यासाठी नसल्याचे लिहिलेले होते. ज्या नळाला लोक मैल्याचा पाइप लावून धुतात, त्याच नळाला मी आमचा होज लावला होता. भरलेले सगळे पाणी सोडून द्यावे लागले, टाकी ब्लीचने धुवावी लागली आणि सहलीचा एक पूर्ण दिवस त्यात गेला.

बाबा आरोग्यसेवक म्हणून निवृत्त झाले आहेत. गावच्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडली की शेवटच्या घरच्या नळाचे पाणी काचेच्या छोट्या नळीत घ्यायचे, त्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन दाखवणाऱ्या रसायनाचे, थेंब टाकायचे आणि पिवळा रंग उमटतो का ते पाहायचे, हे काम त्यांनी उभी नोकरी केले. त्या रात्री त्यांनी मला एवढेच विचारले, “या पाण्याची ओटी कोणी केली आहे का?” पाणी कोणाचे आहे, ते कोण तपासते आणि तपासल्यानंतर माझ्या पेल्यात येईपर्यंत ते कशाकशातून जाते, हे तीन प्रश्न त्या एका प्रश्नात आहेत. पुढचे सगळे टप्पे त्यांचीच उत्तरे शोधण्यासाठी आहेत.

१. गाडीतला पाण्याचा मार्ग आधी समजून घ्या

आरव्हीत साधारण तीन टाक्या असतात. फ्रेश टँकमध्ये वापरायचे पाणी भरतात, ग्रे टँकमध्ये बेसिन व न्हाणीचे सांडपाणी जमते आणि ब्लॅक टँकमध्ये शौचालयाचा मैला. गाडीच्या बाहेरच्या बाजूला पाणी घेण्याची दोन तोंडे असतात: एकातून पाणी टाकीत पडते, तर ‘सिटी वॉटर’ असे लिहिलेल्या दुसऱ्याला कॅम्पग्राउंडचा नळ जोडला की पाणी टाकीत न जाता दाबाने थेट गाडीतल्या नळांना मिळते. पहिल्या दिवशी बहुतेकांची गल्लत इथे होते. होज तासभर ‘सिटी वॉटर’ला लावून ठेवतात आणि टाकी रिकामीच राहते. काही गाड्यांत एकच तोंड आणि आत फिरवायची कळ असते, म्हणून गाडी ताब्यात घेतानाच ते दाखवून मागा.

आपल्याकडे पिण्याचे पाणी वेगळे आणि वापरायचे पाणी वेगळे ही सवय घराघरांत असते. माझ्या आजीच्या पिण्याच्या हंड्याला ओगराळ्याशिवाय दुसरे काही लागत नसे, आणि वापरायचे पाणी मात्र मागच्या पिंपात कुठलेही चालत असे. आरव्हीत ही वाटणी चालत नाही. भाजी धुण्याचा, तांदूळ धुण्याचा, दात घासण्याचा आणि अंघोळीचा नळ एकाच टाकीवर असतो; ‘पिणार तर आपण बाटलीचेच आहोत’ असे म्हणून टाकीत कसलेही पाणी भरले, तर ते सकाळी चूळ भरताना पोटात जातेच. एकदा टाकीत वाईट पाणी गेले की पंप, नळ्या आणि गरम पाण्याचा बंबही खराब होतो, हे वेगळेच.

भाड्याच्या मध्यम गाडीची टाकी बहुधा ३० ते ५० गॅलनची असते. ४० गॅलन म्हणजे सुमारे १५० लिटर, म्हणजेच दीडशे किलो वजन. मुक्कामी पाणी मिळणार असेल तर एवढे ओझे घाटातून वाहून नेण्यात अर्थ नाही. मिळणार नसेल तर टाकी शेवटच्या गावात काठोकाठ भरून घ्यावी. चार माणसांचा डाळ-भाताचा स्वयंपाक, भांडी आणि आवरत्या अंघोळी धरून आम्हाला ४० गॅलन सुमारे अडीच दिवस पुरतात.

२. सोबत काय न्यावे

साधने फार लागत नाहीत, पण ती स्वतःची असावीत. माझ्या पेटीत एवढेच असते:

– पिण्याच्या पाण्यासाठीचा २५ फुटी पांढरा किंवा निळा होज, ज्यावर ‘ड्रिंकिंग वॉटर सेफ’ असे छापलेले असते. बागेच्या हिरव्या होजच्या प्लॅस्टिकमधून आणि पितळी टोकांतून शिसे व इतर रसायने पाण्यात उतरू शकतात. उन्हात तापलेल्या होजमध्ये साचलेले पाणी तर अजिबात घेऊ नये.
– शिसेविरहित पितळेचा प्रेशर रेग्युलेटर. कॅम्पग्राउंडच्या नळाला कधीकधी इतका दाब असतो की गाडीतले जोड सुटतात.
– बिनआट्यांच्या नळावर बसणारा रबरी जोड. याला इथे ‘वॉटर थीफ’ म्हणतात.
– साधे, बिनवासाचे ब्लीच. ‘स्प्लॅशलेस’ लिहिलेले ब्लीच निर्जंतुकीकरणाला चालत नाही.
– क्लोरीन आणि नायट्रेट दाखवणाऱ्या चाचणीपट्ट्या.
– पिण्यासाठी पाच-सात गॅलनचे दोन स्वच्छ कॅन.
– हातमोजे, कागदी रुमाल आणि फवारणीची छोटी बाटली.

कागदांपैकी गाडीचे माहितीपुस्तक महत्त्वाचे आहे, कारण टाकीची क्षमता आणि पाणी बंबात न जाऊ देता परस्पर वळवण्याची (बायपास) कळ त्यातच सापडते. कॅम्पग्राउंडच्या आरक्षणाची प्रत, तिथे टाकी भरायला नळ आहे की फक्त पिण्यापुरता याची नोंद, आणि मार्गावरच्या पाणी भरण्याच्या जागांची हाताने लिहिलेली यादी हीसुद्धा जवळ ठेवा. सॅनिडम्प्स, आयओव्हरलँडर, कॅम्पेंडियम यांसारख्या संकेतस्थळांवर प्रवाशांनी नोंदवलेले नळ सापडतात, पण वाळवंटात आणि डोंगरात फोनला रेंज नसते, तेव्हा यादी घरीच करून घ्यावी लागते.

टीडीएस मीटर विकत घेऊ नका असे मी म्हणणार नाही, पण त्याच्यावर विसंबू नका. तो पाण्यात विरघळलेले क्षार सांगतो, जंतू सांगत नाही. मैला मिसळलेल्या पाण्याचा आकडाही सुरेख दिसू शकतो.

३. भाड्याची गाडी मिळाली की टाकी स्वतः निर्जंतुक करा

आधीच्या प्रवाशाने कुठले पाणी भरले आणि किती दिवस गाडी उभी होती, हे आपल्याला कोणी सांगत नाही. आमच्या दुसऱ्या सहलीत भाड्याने गाडी देणाऱ्यांनी ‘सगळे स्वच्छ आहे’ असे सांगितले होते. कप्पा उघडला तर पिण्याचा पांढरा होज आणि मैल्याचा जाड पाइप एकमेकांत गुंतवून एकाच खोक्यात ठेवलेले होते, आणि पाइपातून गळलेले पाणी होजच्या उघड्या टोकाभोवती साचले होते. तेव्हापासून मी गाडीबरोबर मिळालेला होज फक्त टायर धुवायला वापरते.

पद्धत अशी आहे. टाकीच्या दर १५ गॅलनला पाव कप, म्हणजे सुमारे ६० मिलिलिटर ब्लीच या हिशेबाने ४० गॅलनच्या टाकीला साधारण १६० मिलिलिटर लागते. पाण्याचा बंब थंड असल्याची खात्री करून बायपासची कळ फिरवा म्हणजे पाणी त्यात जाणार नाही, गाडीत बसवलेला फिल्टर काढून ठेवा, ब्लीच आधी बादलीभर पाण्यात मिसळा आणि मग ते टाकीत ओतून टाकी पूर्ण भरा. ब्लीच तसेच टाकीत ओतू नये. पंप सुरू करून एकेक नळ, गरमचाही आणि गारचाही, क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा. न्हाणीचा फवारा आणि बाहेरचा नळ हमखास विसरले जातात. रात्रभर तसेच ठेवा. सकाळी हे पाणी डंप स्टेशनवर (सांडपाणी आणि मैला सोडण्याच्या जागी) सोडा, ओढ्याकाठी किंवा झाडाखाली नको. मग चांगल्या पाण्याने टाकी भरून नळ वाहू द्या आणि वास जाईपर्यंत पुन्हा भरा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनियाची कोणतीही वस्तू कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

पहिला दिवस यात जातो, हे खरे आहे. पहिला मुक्काम घराजवळ ठेवला तर तो दिवस फुकट जात नाही.

४. चांगले पाणी कुठे मिळते

पहिली पसंती नगरपालिकेच्या पाण्याला द्या. छोट्या गावांत नगरपालिकेचे डंप स्टेशन, माहिती केंद्र, जत्रेचे मैदान किंवा गावातले आरव्ही पार्क इथे टाकी भरता येते. मुक्काम न करता फक्त पाणी हवे असेल तर आरव्ही पार्कवाले थोडे पैसे घेऊन भरू देतात. या पाण्याच्या पाठीशी बाबांच्या ‘ओटी’चे इथले रूप उभे असते. १९७४ च्या सुरक्षित पेयजल कायद्यानुसार गावाला पाणी पुरवणाऱ्या यंत्रणेला नियमित तपासण्या कराव्या लागतात आणि दरवर्षी १ जुलैपर्यंत ग्राहकांना पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल द्यावा लागतो. गावाच्या नावाने शोधले की तो अहवाल बहुधा सापडतो, आणि त्यात आर्सेनिक, शिसे, नायट्रेट यांचे आकडे मर्यादेसह दिलेले असतात.

त्याखालोखाल राज्यांची आणि राष्ट्रीय उद्यानांची कॅम्पग्राउंडे. इथे एक गोष्ट समजून घ्यावी. वर्षातून किमान ६० दिवस २५ किंवा अधिक लोकांना पाणी देणारी जागा कायद्याने सार्वजनिक पाणीपुरवठा ठरते, त्यामुळे स्वतःची विहीर असलेले बहुतेक कॅम्पग्राउंडही या नियमात येते. पण जिथे माणसे येतात आणि जातात, अशा ठिकाणी नियमित तपासणी मुख्यत्वे जंतूंची आणि नायट्रेटची होते. दीर्घकाळ पिण्यानेच अपाय करणाऱ्या आर्सेनिकसारख्या पदार्थांसाठी गावाच्या पाण्याइतकी तपासणी तिथे बंधनकारक नसते. दोन रात्री राहणाऱ्याने याची चिंता करू नये. जे महिनोन्महिने आरव्हीत राहून काम करतात, त्यांनी मात्र पिण्याचे पाणी गावातूनच आणावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

राष्ट्रीय उद्यानात पाणी मिळेलच असे गृहीत धरू नका. यलोस्टोनमध्ये पाणी, वीज आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या असलेले कॅम्पग्राउंड फिशिंग ब्रिज हे एकच आहे. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरचे पाणी तर दरीतल्या रोअरिंग स्प्रिंग्स या झऱ्यापासून सुमारे साडेबारा मैलांच्या जुन्या वाहिनीतून येते आणि ही वाहिनी पुन्हा पुन्हा फुटते. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस ती एकापाठोपाठ अनेक ठिकाणी फुटल्याने दक्षिण कड्यावरच्या हॉटेलांतले मुक्काम बंद करावे लागले आणि कॅम्पग्राउंडमधले पाणी भरायचे नळ थांबवले गेले. जुलै २०२५ मध्ये उत्तर कड्यावरचे जलशुद्धीकरण केंद्र वणव्यात जळाले. उद्यानाच्या संकेतस्थळावर सद्यस्थितीचे पान असते, ते निघण्याच्या आदल्या संध्याकाळी वाचा. थंड प्रदेशात शरद ऋतू संपताना कॅम्पग्राउंडचे नळ गोठू नयेत म्हणून बंद करतात आणि ते वसंतातच उघडतात. आरक्षण मिळाले म्हणजे नळ सुरू आहे असे नाही.

महामार्गावरच्या मोठ्या ट्रक थांब्यांपैकी काहींवर आरव्हीसाठी वेगळी रांग, डंप स्टेशन आणि पाणी असते. पश्चिमेकडच्या राज्यांत विहीर नसलेल्या लोकांसाठी नगरपालिकांनी नाणी किंवा कार्ड टाकून टँकर भरण्याची केंद्रे उभारलेली दिसतात. तिथले पाणी पिण्याचे असेल तर तसे लिहिलेले असते, मात्र पाइप जाड आणि धार जोरदार असल्याने आपल्या होजला योग्य जोड लागतो. कॅन भरण्यासाठी किराणा दुकानाबाहेरचे शुद्ध पाण्याचे यंत्र सगळ्यांत सोयीचे. आईच्या चहासाठी आम्ही तेच पाणी वापरतो, कारण वाळवंटी गावांतले पाणी सुरक्षित असले तरी इतके जड असते की चहावर तवंग येतो.

पेट्रोल पंपाच्या किंवा दुकानाच्या भिंतीवरचा नळ न विचारता उघडू नका. ज्या भागात पाणी मोजून मिळते तिथे दीडशे लिटर ही छोटी गोष्ट नाही, आणि विचारले तर बहुतेक माणसे हो म्हणतात, शिवाय कुठला नळ पिण्याचा हेही सांगतात.

५. कोणत्या नळाला हात लावू नये

डंप स्टेशनवर बहुधा दोन नळ असतात. मैला सोडण्याच्या भोकाजवळचा नळ धुण्यासाठी असतो. पिण्याचा नळ त्यापासून लांब, वेगळ्या खांबावर, ‘पॉटेबल वॉटर’ अशा पाटीसह असतो. ‘पॉटेबल’ म्हणजे पिण्यायोग्य आणि ‘नॉन-पॉटेबल’ म्हणजे न पिण्याचे, हे दोन शब्द घरातल्या ज्येष्ठांना आणि मुलांनाही आधीच सांगून ठेवा. पाटी नसेल तर नळ पिण्याचा नाही असेच धरा. आमच्यासारखी पाटी उलटी फिरलेली असू शकते, म्हणून खांबाला एक फेरी मारायची हा आमच्या घरचा नियम झाला आहे.

जांभळ्या रंगाचा पाइप, झाकण किंवा नळ म्हणजे प्रक्रिया केलेले सांडपाणी. ॲरिझोना, कॅलिफोर्निया, नेवाडा, फ्लोरिडा अशा राज्यांत बागांना आणि गोल्फच्या मैदानांना हे पाणी देतात. ते दिसायला नितळ असते, म्हणून रंगच पाहायचा.

पवनचक्कीवरच्या विहिरी आणि गुरांचे हौद नैर्ऋत्य भागात रस्त्याकडेला दिसतात. मॉन्युमेंट व्हॅलीच्या वाटेवर नावाहो या मूळ अमेरिकी लोकांच्या भूमीतून जाताना याबाबत फार सावध राहावे. तिथे ५०० हून अधिक सोडून दिलेल्या युरेनियमच्या खाणी आहेत आणि तपासणीत नसलेल्या अनेक विहिरींत युरेनियम व आर्सेनिक मर्यादेपेक्षा जास्त सापडले आहे. तिथल्या सुमारे ३० टक्के घरांत नळाचे पाणी नाही. लोक मैलोनमैल गाडी चालवून पिंपे भरून नेतात. त्यांच्या पाणी भरण्याच्या केंद्रावर आपली आरव्ही उभी करू नये, टाकी आधीच्या गावात भरून घ्यावी.

झरे आणि ओढे पाहून मन मोहते, विशेषतः सह्याद्रीत झऱ्याचे पाणी ओंजळीने प्यायलेल्या आपल्या माणसांचे. तरीही टाकीत ते घेऊ नका. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे परजीवी वरवर शुद्ध दिसणाऱ्या डोंगराळ पाण्यातही असतात, आणि क्रिप्टोस्पोरिडियम ब्लीचच्या नेहमीच्या मात्रेला दाद देत नाही. १९९३ मध्ये मिलवॉकी शहरात तो शुद्धीकरण केंद्रातून निसटला, तेव्हा सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. ऑरेगनमधल्या क्रेटर लेक उद्यानात १९७५ च्या उन्हाळ्यात पिण्याच्या झऱ्यातच सांडपाणी मिसळले होते आणि उद्यान काही काळ बंद ठेवावे लागले.

६. नळापाशी पोहोचल्यावर काय करावे

सांडपाणी सोडणे आणि पाणी भरणे ही कामे एकाच हाताने करू नयेत. आमच्याकडे डंपचे काम नवरा हातमोजे घालून करतो आणि पाण्याचे काम मी करते; मी त्या पाइपला शिवत नाही आणि तो पांढऱ्या होजला शिवत नाही. एकटे असाल तर डंप आटोपून हात साबणाने धुवा, गाडी पुढे घ्या आणि मगच पाण्याचा कप्पा उघडा.

प्रथम पाटी वाचा आणि माणूस दिसला तर विचारा: हे पाणी पिण्याचे आहे का, गावाचे आहे की विहिरीचे, सध्या कसली सूचना लागली आहे का? मग नळाच्या तोंडावर आणि आट्यांवर पाण्यात मिसळलेले ब्लीच फवारा. आधीच्या माणसाने या नळाला काय टेकवले होते ते आपल्याला माहीत नसते. दोन-चार मिनिटे तसेच राहू द्या, रुमालाने पुसा आणि नळ मिनिटभर जोरात सोडा. पाणी गढूळ, तांबूस किंवा वासाचे असेल तर पुढच्या नळाकडे चला. सडक्या अंड्यासारखा वास बहुधा हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि तो टाकीत गेला की अनेक दिवस जात नाही.

आता पट्टी. स्वच्छ पेल्यात पाणी घेऊन पट्टी बुडवायची आणि डब्यावर दिलेल्या वेळाने रंग जुळवायचा. बाबांनी पहिली पट्टी हातात घेतली तेव्हा ती उन्हात धरली नाही. गाडीच्या सावलीत नेऊन, पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिली, कारण उन्हात फिका रंग चुकीचा वाचला जातो. कडेचा चौकोन हळूहळू फिकट जांभळा होत गेला आणि ते समाधानाने म्हणाले, “आहे, क्लोरीन आहे.” मुक्त क्लोरीन शून्य आणि एकूण क्लोरीन मात्र दिसत असेल तर घाबरू नका: डेन्व्हर, सॅन फ्रान्सिस्को यांसारखी शहरे क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियापासून बनलेले जंतुनाशक) वापरतात. दोन्ही शून्य असतील तर ते क्लोरीन न घातलेले विहिरीचे पाणी असण्याची शक्यता आहे. ते तपासलेले असले तरी टाकीत त्याचे रक्षण करणारे काही नसते, म्हणून असे पाणी मी एक-दोन दिवसांतच वापरून संपवते. ४ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही क्लोरीनची कायदेशीर कमाल मर्यादा आहे. नायट्रेटची मर्यादा १० मिलिग्रॅम आहे, आणि सोबत तान्हे बाळ असेल तर त्याच्या दुधासाठी शंका असलेले पाणी कदापि वापरू नये.

सगळे ठीक असेल तर नळाला रेग्युलेटर, त्याला होज लावा, होजमधून थोडे पाणी वाहू द्या आणि मग टाकी भरायला घ्या. होजचे टोक जमिनीवर पडू देऊ नका. भरून वाहणाऱ्या टाकीतले पाणी परत होजमध्ये शिरू नये म्हणून टोक तोंडाच्या थोडे वर धरावे.

फिल्टरबद्दल एक गोष्ट, जी मला दोन वर्षांनी कळली. होजला लावायचा निळा कार्बन फिल्टर चव सुधारतो, पण क्लोरीनही काढून टाकतो. भरतानाच तो लावला तर टाकीत बिनक्लोरीनचे पाणी साठते आणि उन्हात तापलेल्या टाकीत जंतू वाढायला मोकळीक मिळते. म्हणून भरताना फक्त गाळ अडवणारा फिल्टर आणि स्वयंपाकघरातल्या नळाला कार्बनचा फिल्टर, अशी मांडणी मी आता करते. खरेदी करताना खोक्यावरचा प्रमाणनाचा क्रमांक पाहा: ‘एनएसएफ ४२’ चव आणि वासापुरता असतो, ‘एनएसएफ ५३’ आरोग्याला अपायकारक पदार्थांसाठी, आणि त्यातही नेमके कोणते पदार्थ ते खाली लिहिलेले असते. कोणताही साधा फिल्टर न पिण्याचे पाणी पिण्याचे करत नाही.

७. उकळून घेण्याची सवय कुठे उपयोगी, कुठे घातक

वाहिनी फुटली किंवा पूर आला की ‘पाणी उकळून प्या’ अशी सूचना निघते. तेव्हा खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट आणि ६,५०० फुटांपेक्षा उंचावर तीन मिनिटे उकळावे, असे सीडीसी ही केंद्रीय आरोग्य संस्था सांगते. गॅस संपला असेल तर निवळ पाण्याच्या दर लिटरला साध्या ६ टक्के ब्लीचचे २ थेंब घालून अर्धा तास थांबावे; शेवटी क्लोरीनचा किंचित वास यायला हवा.

पण ‘पिऊ नका’ किंवा ‘वापरू नका’ अशी सूचना असेल तर उकळू नका. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट, आर्सेनिक, शिसे तसेच राहतात आणि पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण उलट वाढते. ऑगस्ट २०१४ मध्ये ओहायोतल्या टोलेडो शहरात तलावातल्या शेवाळाचे विष नळाला आले, तेव्हा ४ लाखांहून अधिक लोकांना दोन-तीन दिवस नळाचे पाणी वर्ज्य होते, आणि उकळू नका हे मुद्दाम सांगावे लागले होते. ‘आपण उकळून घेऊ’ हे आपल्या घरांतले पहिले उत्तर असते, म्हणून सूचनेतले शब्द नीट वाचा. अशी सूचना असलेल्या गावात टाकी भरू नका.

८. भरलेले पाणी आणि परतीचा दिवस

टाकीतले पाणी फिरते ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. गाडी दोन आठवडे उभी राहिली असेल तर उरलेले सोडून द्या आणि टाकी पुन्हा निर्जंतुक करा. कडाक्याच्या थंडीत रात्री होज नळाला लावून ठेवू नये, तो गोठतो आणि नळही फुटतो.

परत निघताना टाकीच्या तळाचे झाकण उघडून तिच्यातले आणि नळ्यांमधले पाणी पूर्ण काढा. होज उंच धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत झटकत न्या म्हणजे आत थेंब राहत नाही, दोन्ही टोके एकमेकांत फिरवून बंद करा, म्हणजे धूळ आणि कोळी आत शिरत नाहीत, आणि तो होज मैल्याच्या पाइपापासून दूर, झाकणाच्या स्वच्छ डब्यात, डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘पिण्याचे पाणी’ लिहून ठेवा.